डेटाबेसचा बॅकअप आपोआप, वेळेवर आणि कुलपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानदार, दवाखाने, छोटे कारखाने आणि त्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणारे एकटे-दुकटे डेव्हलपर यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मालकांसाठी आहेत. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी थेट प्रश्न ४ पासून सुरुवात केली तरी चालेल, पण प्रश्न ७ कुणीही सोडू नका.

१. आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. बॅकअप ते घेतच असतील ना?

"घेतच असतील" यावर थांबू नका, फोन करून विचारा. क्लाउड कंपनी मशीन चालू ठेवते. त्या मशीनवरचा तुमचा डेटा कोण जपतं, हा वेगळा प्रश्न आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत गेली. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही गेलं.

अॅमेझॉनच्या आरडीएससारख्या, डेटाबेस भाड्याने चालवून देणाऱ्या सेवेत बॅकअप आपोआप होतात, पण ते जास्तीत जास्त ३५ दिवस टिकतात. शिवाय डेटाबेसच काढून टाकताना बॅकअप ठेवण्याचा पर्याय निवडला नाही, तर तेही सोबत जातात. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवी.

२. मुलगा रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर कॉपी घेतो. एवढं पुरेसं नाही का?

तो मुलगा दिवाळीला गावी जाईपर्यंत पुरतं. आमच्या ओळखीच्या एका औषध वितरकाकडे असंच झालं. मशीन बंद पडलं तेव्हा पेनड्राइव्हवरची शेवटची फाइल १९ दिवसांपूर्वीची निघाली. मुलगा परत आला होता, फक्त सवय मोडली होती. कुणी मुद्दाम चूक केली नव्हती. माणसाच्या आठवणीवर टाकलेलं काम एक दिवस राहतंच.

दुसरी गोष्ट जागेची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानात काउंटरवरचा कॉम्प्युटर आणि खालच्या ड्रॉवरमधली हार्डडिस्क यांच्यात फरक उरला नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब अजूनही कामाचा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे वरचा मजला नव्हे.

३. गूगल ड्राइव्हला फोल्डर सिंक केलंय, सर्व्हरला रेड आहे, शिवाय रेप्लिकासुद्धा आहे. आता काय राहिलं?

बॅकअप राहिला. ही तिन्ही आरशाची कामं आहेत. रेड म्हणजे तोच डेटा एकापेक्षा जास्त डिस्कवर, आणि रेप्लिका म्हणजे मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारी दुसरी प्रत. तुम्ही चुकून ग्राहकांचं टेबल उडवलंत, तर रेप्लिकावरूनही ते सहसा सेकंदाच्या आत उडतं. रेड एक डिस्क मेली तर वाचवतं, चुकीच्या आज्ञेपासून नाही. सिंक केलेल्या फोल्डरमध्ये रॅन्समवेअरने (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) फाइल कुलूपबंद केली, की कुलूपबंद फाइल इमानदारीने वर चढते. ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतं खरं, पण चालू डेटाबेसची फाइल सिंकमध्ये टाकणं मुळातच चूक आहे. ते का, हे पुढच्या प्रश्नात.

४. डेटाबेसची फाइल सरळ कॉपी केली तर काय बिघडतं?

मुनीमजी खतावणी लिहीत असताना त्याच पानाचा झेरॉक्स काढल्यासारखं होतं. नावे बाजू लिहून झाली, जमा अजून बाकी. डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली सतत बदलत असतात आणि काही बदल अजून मेमरीतच असतात. कॉपी पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत पोहोचेतो पहिली शिळी झालेली असते.

वाईट भाग हा, की कॉपी करताना कसलीही चूक दाखवली जात नाही. फाइलचा आकार नेहमीसारखा, तारीख आजची. ती उघडायला जाल त्या दिवशी कळतं. सर्व्हिस पूर्ण बंद करून कॉपी केलीत तर चालतं, पण दुकान चालू असताना ते जमत नाही. म्हणून प्रत्येक डेटाबेसचं स्वतःचं बॅकअपचं साधन वापरायचं.

५. मग कुठल्या डेटाबेसला कुठलं साधन?

डम्प म्हणजे डेटाबेसमधलं सगळं एका फाइलमध्ये उतरवून घेणं. पोस्टग्रेसला पीजी-डम्प. ते ज्या क्षणी सुरू होतं त्या क्षणाचं सुसंगत चित्र घेतं, काम थांबवावं लागत नाही. कस्टम फॉरमॅट निवडा, म्हणजे नंतर एखादंच टेबलही परत आणता येतं. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पीजी-डम्प एका डेटाबेसपुरतं असतं, त्यात युजर आणि रोल येत नाहीत. त्यासाठी पीजी-डम्पऑल 'ग्लोबल्स ओन्ली' या पर्यायासह वेगळं चालवावं लागतं.

मायएसक्यूएलला मायएसक्यूएल-डम्प, 'सिंगल ट्रान्झॅक्शन' या पर्यायासह. तो लावला नाही तर दिवसाढवळ्या टेबलं कुलूपबंद होतात आणि काउंटरवर बिल अडकतं. हा पर्याय इनोडीबी या प्रकारच्या टेबलांनाच उपयोगी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारचं एखादं टेबल लपलेलं असतं, ते आधी बदलून घ्या. स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट डम्पमध्ये आपणहून येत नाहीत, ते मागावे लागतात. ट्रिगर येतात.

एसक्यूलाइट ही एकच फाइल दिसते म्हणून सगळे ती कॉपी करतात. शेजारी वॉल नावाची आणखी एक फाइल असू शकते आणि ताजे व्यवहार तिच्यात असू शकतात. त्याच्या शेलमधली 'बॅकअप' ही आज्ञा वापरा, किंवा 'व्हॅक्यूम इंटू'.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आपल्याकडच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये भरपूर सापडतं. फुकट आवृत्तीत वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, त्यामुळे बॅकअपची आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून ती विंडोजच्या टास्क शेड्युलरला द्यायची. आज्ञेत 'चेकसम' (डेटा बिघडलेला नाही ना, हे तपासणारा पर्याय) लिहायला विसरू नका.

टॅलीची गोष्ट वेगळी. तिथे टॅलीचाच बॅकअपचा पर्याय वापरायचा आणि तयार झालेली फाइल बाकीच्यांसोबत बाहेर पाठवायची.

६. क्रॉनमध्ये ओळ टाकली. हाताने चालवली की चालते, रात्री चालत नाही. का?

क्रॉन म्हणजे लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम चालवणारं साधन. या एका प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त येतात. नेहमीचे गुन्हेगार असे:

टक्क्याचं चिन्ह. फाइलच्या नावात तारीख घालायला आपण टक्का वापरतो. क्रॉनच्या ओळीत टक्का म्हणजे नवी ओळ. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ नसेल, तर आज्ञा तिथेच तुटते. सरळ उपाय म्हणजे सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचं नाव द्या.

पाथ. क्रॉनला तुमच्या टर्मिनलइतके रस्ते माहीत नसतात. प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा.

घड्याळ. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतो. तुम्ही रात्री २ म्हणून लिहिलेलं काम भारतीय वेळेनुसार सकाळी ७:३० ला सुरू होतं. आपल्याला रात्री २ हवे असतील तर यूटीसीत २०:३० लिहायचं, आणि मग फाइलवर आदल्या दिवसाची तारीख पडते हेही लक्षात ठेवायचं.

लाइट. ऑफिसचा कॉम्प्युटर रात्री बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. लिनक्समधल्याच सिस्टमडी टायमरला (क्रॉनऐवजी वापरता येणारं साधन) 'पर्सिस्टंट' लावलं, तर मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम होतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही चुकलेलं काम लवकरात लवकर चालवण्याची खूण असते, ती लावा.

आणि २० बाइट. डम्पचा निकाल पाइपने थेट जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) दिला, की शेल फक्त शेवटच्या प्रोग्रामचा निकाल बघतं. डम्प आपटला तरी जीझिप खुशाल यशस्वी होतं आणि रिकाम्या मजकुराची नीटनेटकी फाइल बनवतं, बरोबर २० बाइटची. मी एका सर्व्हरवर अशा दोन महिन्यांच्या फायली ओळीने पाहिल्या आहेत. नावं सुरेख, तारखा क्रमवार, आणि आकाराच्या रकान्यात खालपर्यंत २०, २०, २०. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' (आधीचा प्रोग्राम आपटला तरी चूक धरणारा पर्याय) चालू केलं असतं, तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

आधीचा बॅकअप संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही.

७. बॅकअप खरंच झाला, हे मला कसं कळणार?

चूक झाली की ईमेल येईल, अशी व्यवस्था बहुतेक जण करतात आणि निश्चिंत होतात. डेव्हलपरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीकडे अशी व्यवस्था होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. रोजचा पीजी-डम्प शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. डम्प ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस ९.६ चा होता. नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा डम्प घ्यायला जुनं पीजी-डम्प नकार देतं, तसा ते रोज देत होतं. चूक झाल्याचे ईमेलही निघत होते, पण डीमार्कची (ईमेल खऱ्या पत्त्यावरून आल्याच्या पडताळणीची) सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचवलं ते एका स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने), जो कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतला होता. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा.

यातून घ्यायचं ते एवढंच: बिघडलेला बॅकअप ओरडत नाही, गप्प बसतो. म्हणून व्यवस्था उलटी लावायची. बॅकअप नीट झाला की स्क्रिप्टने बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक द्यायची. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही, की त्या सेवेने तुम्हाला उठवायचं. हेल्थचेक्स डॉट आयओ ही सेवा याच कामासाठी आहे आणि थोड्या कामांसाठी फुकट आहे. मशीन जळालं, लाइट गेली, क्रॉन मेलं, कुणी स्क्रिप्ट पुसली, तरी शांतता हीच खबर ठरते.

हाक देण्याआधी स्क्रिप्टने तीन गोष्टी तपासाव्यात. फाइल कालच्यापेक्षा अचानक लहान झाली आहे का. मायएसक्यूएलचा डम्प असेल तर शेवटच्या ओळीत डम्प पूर्ण झाल्याची नोंद आहे का. पोस्टग्रेसचा असेल तर पीजी-रिस्टोअरला त्या फाइलची यादी वाचता येते का. हे सगळं दहा-बारा ओळींचं काम आहे.

८. रिस्टोअर करून पाहा म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

महिन्यातून एकदा वेगळ्या मशीनवर रिकामा डेटाबेस बनवा, कालची फाइल बाहेरच्या साठवणीतून उतरवा (सर्व्हरवरची जवळची प्रत नको), किल्लीने उघडा (प्रश्न ९) आणि चढवा. मग शेवटचा बिल क्रमांक पाहा, तो दुकानातल्या कालच्या शेवटच्या बिलाशी जुळतो का. मार्चअखेरची एकूण विक्री काढा, ती सीएंच्या आकड्याशी जुळते का. नुसत्या ओळी मोजण्यापेक्षा हे बरं, कारण मालकालाही ते समजतं. सगळ्याला किती वेळ लागला तो लिहून ठेवा. सर्व्हर जाईल त्या दिवशी "किती वेळ लागेल?" याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल. एसक्यूएल सर्व्हरचं 'व्हेरिफाय ओन्ली' ही चांगली पहिली चाळणी आहे, पण रिस्टोअरच्या जागी ती धरू नका.

एक इशारा, स्वतः तोंडघशी पडून मिळवलेला. एका दवाखान्याचा डेटा मी चाचणीसाठी दुसऱ्या मशीनवर चढवला आणि त्याच्यासोबत त्यांचं सॉफ्टवेअरही चालू केलं. त्यात अपॉइंटमेंटचे एसएमएस पाठवणारं काम होतं. पाच मिनिटांत चाळीसेक रुग्णांना त्याच भेटीची दुसऱ्यांदा आठवण गेली आणि डॉक्टरांचा फोन मला आला. चाचणीचं मशीन इंटरनेटपासून तोडूनच ठेवा.

९. एन्क्रिप्शन कुठे करायचं, आणि किल्ली कुठे ठेवायची?

एन्क्रिप्शन म्हणजे फाइलला कुलूप, जे किल्लीशिवाय उघडत नाही. ते सर्व्हरवरून फाइल बाहेर पडण्याआधी. जीपीजी किंवा एज या एन्क्रिप्शनच्या साधनांपैकी एक वापरलंत तर सर्व्हरवर फक्त सार्वजनिक किल्ली असते. तिने कुलूप लागतं, उघडत नाही. सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी जुने बॅकअप त्याला वाचता येत नाहीत. आधी दाबून लहान करायचं, मग कुलूप लावायचं. उलट केलंत तर फाइल लहान होत नाही.

रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची तयार साधनं वापरत असाल तर ते एन्क्रिप्शन स्वतः करतात आणि रोज फक्त बदललेला भाग पाठवतात. त्यांना आधीच दाबलेला डम्प देऊ नका, नाहीतर रोजची फाइल त्यांना पूर्ण नवी वाटते आणि जागेची बचत हातची जाते. यांचा पासवर्ड मात्र सर्व्हरवर ठेवावा लागतो, तेव्हा तिथली सुरक्षा वेगळी पाहावी लागते (प्रश्न ११).

पासवर्ड हरवला तर डेटा गेला. रेस्टिक बनवणारेही तो उघडून देऊ शकत नाहीत. किल्ली ज्या डेटाबेसचा बॅकअप घेताय त्याच मशीनवर एकुलती एक ठेवलीत, तर घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे. ती कुठे ठेवायची, हे प्रश्न १६ मध्ये.

१०. डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिला तर चालेल?

नको. आज ना उद्या ती स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळे मिळून कोड ठेवतात त्या साठ्यात) जाते. आज्ञेच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड तर चालू कामांच्या यादीत इतरांना दिसू शकतो. पोस्टग्रेससाठी पीजीपास ही फाइल आहे, तिची परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. ती सैल असेल तर पोस्टग्रेस फाइलकडे दुर्लक्ष करतं आणि क्रॉनमध्ये बॅकअप आपटतो. मायएसक्यूएलला स्वतःची ऑप्शन फाइल आहे.

बॅकअपसाठी वेगळा युजर बनवा, ज्याला फक्त वाचता येतं. मायएसक्यूएलच्या ताज्या आवृत्त्यांत असा युजर 'प्रोसेस' हा अधिकार नसल्याची तक्रार करतो. अधिकार वाढवण्याऐवजी डम्पला 'नो टेबलस्पेसेस' सांगा.

११. रॅन्समवेअर बॅकअपसुद्धा खातं म्हणे. मग काय करायचं?

खातं, कारण बॅकअप घेणाऱ्या मशीनला बॅकअप पुसताही येतो. तो अधिकार काढून घ्या. एस३ (अॅमेझॉनची क्लाउडवरची साठवण) किंवा त्याच धर्तीच्या साठवणीत 'ऑब्जेक्ट लॉक' असतं. त्यातला कंप्लायन्स प्रकार लावला की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत मालकालाही पुसता येत नाही. मुदत विचार करून ठेवा, कारण बिलही तुम्हालाच भरायचं आहे. रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरला 'अपेंड ओन्ली' लावता येतं. किंवा दुसरं मशीन ठेवा, जे स्वतः येऊन फाइल ओढून नेतं आणि ज्याचा पासवर्ड मुख्य सर्व्हरला माहीतच नसतो.

छोट्या दुकानासाठी स्वस्त उपाय: दोन हार्डडिस्क, आठवड्याला अदलाबदल, न वापरातली घरी. सतत खोचून ठेवलेली हार्डडिस्क मोजू नका.

१२. किती दिवसांचे बॅकअप ठेवू?

सात रोजचे, चार आठवड्याचे, बारा महिन्याचे, आणि दर ३१ मार्चचा एक. जास्त डोकं लावायची गरज नाही. फक्त सातच ठेवणाऱ्यांचा घात असा होतो, की चूक दहाव्या दिवशी लक्षात येते.

कायद्याची बाजू मात्र पाहायला हवी. जीएसटीत हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं जपावी लागतात. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज असावा लागतो. साठवण निवडताना मुंबई किंवा हैदराबाद विभाग निवडलात की तो मुद्दा मिटतो. बाकीचं सीएंना विचारा.

१३. रिस्टोअर केल्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. डेटा गेला का?

प्रश्नचिन्हं असतील तर त्या प्रतीतली अक्षरं बहुधा गेलीच. चित्रविचित्र रोमन अक्षरं आणि खुणा दिसत असतील तर बहुधा वाचवता येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते तीन बाइट चुकून तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले गेलेत. डम्प घेताना आणि चढवताना, दोन्ही वेळा मायएसक्यूएलला अक्षरसंच 'यूटीएफ८-एमबी४' स्पष्ट सांगा.

विंडोजवरचा खास सापळा: पॉवरशेलमध्ये डम्पचा निकाल बाणाने फाइलमध्ये वळवला, की फाइल यूटीएफ-१६ होऊ शकते आणि मायएसक्यूएल ती परत घेत नाही. बाण टाळा, डम्पचाच 'रिझल्ट फाइल' हा पर्याय वापरा. प्रश्न ८ मधल्या चाचणीत 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' अशी जोडाक्षरांची दोन-चार नावं मुद्दाम पाहत जा.

१४. दुपारी चारला चुकून नोंदी उडाल्या. बॅकअप रात्रीचा. मधले तास मिळतील का?

आधीपासून लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची डेटाबेसने ठेवलेली नोंद, जपत असाल तरच. पोस्टग्रेसमध्ये मूळ प्रतीसोबत वॉलच्या (त्याच्या लॉगच्या) फायली सतत बाहेर पाठवायच्या असतात. पीजीबॅकरेस्ट किंवा वॉल-जी हे काम करतं. मग तीन वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत परत जाता येतं. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग (त्याचा लॉग) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस टिकतो, पण तो त्याच मशीनवर असतो. बाहेर तुम्हालाच न्यायचा आहे. एसक्यूएल सर्व्हरला 'फुल' रिकव्हरी मॉडेल हवं आणि लॉगचे वेगळे बॅकअप हवेत. मॉडेल फुल ठेवून लॉगचा बॅकअप घेतला नाहीत, तर लॉगची फाइल डिस्क भरेपर्यंत फुगत जाते.

कुठलाही प्रकार असो, चालू डेटाबेसवर रिस्टोअर करू नका. शेजारी दुसरा उभा करा आणि उडालेल्या नोंदी तेवढ्या उचलून आणा, नाहीतर चारनंतरची बिलं जातील.

१५. ग्राहकाने त्याची माहिती पुसायला सांगितली. ती जुन्या बॅकअपमध्ये आहे, तिचं काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये असा हक्क आहे. प्रत्येक कुलूपबंद फाइल उघडून एक नाव काढणं व्यवहार्य नाही. पुसलेल्या ग्राहकांचे फक्त क्रमांक वेगळ्या यादीत ठेवा, आणि रिस्टोअर केलंत की ती यादी पुन्हा चालवा. बॅकअप ठरलेल्या मुदतीत खरोखर नष्ट होतात ना, तेही पाहा. रेस्टिकमध्ये 'फर्गेट' केल्याने फक्त नोंद जाते, माहिती जायला 'प्रून' लागतं. कर कायद्याने ठेवणं भाग असलेली बिलं या हक्काने पुसावी लागत नाहीत.

१६. सगळं डेव्हलपरने लावून दिलं होतं. तो नोकरी सोडून परदेशी गेला. आता?

हा प्रश्न विचारणारे सहसा उशिरा विचारतात. साठवणीचं खातं त्याच्या ईमेलवर, पैसे त्याच्या कार्डवर, खबर त्याच्या फोनवर. कार्डची मुदत संपली की साठवण बंद.

तो संपर्कात असेल तर आजच खातं कंपनीच्या ईमेलवर घ्या, कार्ड बदला, आणि प्रश्न ७ मधली खबर कमीत कमी दोघांच्या फोनवर येईल असं करा. मग नवी किल्ली बनवून जुनी बंद करा. जुने बॅकअप मात्र जुन्याच किल्लीने उघडतात, तेव्हा ती फेकू नका.

आणि एका कागदावर, छापून, पाच गोष्टी: बॅकअप कुठे आहे, खात्यात शिरायचं कसं, एन्क्रिप्शनचा पासवर्ड, रिस्टोअरच्या आज्ञा ओळीने, आणि शेवटची चाचणी कधी झाली. पासवर्डमधला शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे ओळखू येतील अशा टाइपात छापा. पाकीट बंद करून एक मालकाच्या बँक लॉकरमध्ये आणि एक सीएंकडे. पासवर्ड बदललात की दोन्ही पाकिटं बदला.